जरा घर बघून जातो

रविवारी सकाळी साडेआठला घरमालकांचा फोन यायचा. "घरी आहात ना? जरा घर बघून जातो." एवढंच. किती वाजता, कशासाठी, काही नाही. फोन ठेवल्यावर पुढचा तासभर आमच्या दोन खोल्यांत कोणी कोणाशी धड बोलायचं नाही. मुलगी वह्या, रंगपेट्या, अर्धवट कापलेले कागद दिवाणाच्या कप्प्यात कोंबायची. हे दोरीवरचे ओले कपडे काढून बादलीत ठेवायचे. मी कुकर, तेलाची किटली, कांद्या-बटाट्याची परडी ओट्याखाली सरकवायचे आणि मग मशीनकडे वळायचे. तिथं माझा जीव अडकायचा.

मी घरी ब्लाऊज शिवते. एक साधं मशीन, एक फॉल-पिकोचं. अस्तराचे तागे, कॅनव्हास, हुकांच्या डब्या, बॉबिनी, खडू, आणि गिऱ्हाइकांच्या पिशव्या. प्रत्येक पिशवीत साडीचा पीस, मापाचं ब्लाऊज आणि नावाची चिठ्ठी. लग्नसराईत अशा तीस-तीस पिशव्या खोलीभर मांडलेल्या असतात. परक्या माणसाला तो पसारा दिसेल. मला मात्र कुठली पिशवी उद्या द्यायची, कुठली हळदीच्या दिवसाची, कुठलीत काजं करायची राहिलीत, हे मांडणीवरूनच कळतं. फोन आला की ती मांडणी दहा मिनिटांत पोत्यात भरायची. एकदा त्या गडबडीत एकीचं मापाचं ब्लाऊज दुसरीच्या पिशवीत गेलं. मी चुकीच्या मापानं पैठणीचा पीस कापला. त्याचे पैसे मी भरले, त्या बाईंचा समारंभ साध्या ब्लाऊजवर झाला, आणि घरमालक त्या दिवशी आलेच नाहीत. त्यांना दुसरं काम निघालं होतं.

ही गोष्ट विश्रामबागच्या घरातली. सांगलीत भाड्यानं राहायला लागून आम्हाला चौदा वर्षं झाली. या काळात चार घरं झाली, आणि प्रत्येक घरमालकाची घर बघायची तऱ्हा निराळी. विश्रामबागचे मालक सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, बोलायला सभ्य. बाहेरच्या खोलीत ते थांबायचे नाहीत, थेट स्वयंपाकघरात जायचे. गॅसची शेगडी स्वतः उचलून खाली बघायचे. मोरीत डोकावायचे. नळाच्या तोटीवर बोअरच्या पाण्याचे पांढरे क्षार धरले होते, त्यावरून बोट फिरवायचे. मग माझ्याकडे बघून म्हणायचे, "घर आपलं समजून ठेवा." हे तिथंच शेजारी उभे असायचे. भाडं यांच्या पगारातून जायचं, करारावर सही यांची, पण त्या वाक्यात नजर नेहमी माझ्याकडे.

त्या नजरेचा अर्थ कळायला मला फार वेळ लागला नाही. अशी नजर मी आधी एकदा अनुभवली होती. लग्नाआधी मला बघायला पाहुणे आले, तेव्हा एका बाईंनी पाणी मागायच्या निमित्तानं आमच्या आईचं स्वयंपाकघर बघून घेतलं होतं. मुलगी कशी निघेल ते ओट्यावरून कळतं, असा त्यांचा समज. घर बघायला येणारा माणूस भिंती बघतो असं म्हणतो, पण सिंकमध्ये चार भांडी दिसली की भिंतीचा विषय संपतो आणि त्या घरातल्या बाईचा सुरू होतो. एकदा मला ताप होता, रात्रीची भांडी तशीच पडली होती. मालक म्हणाले, "तुमच्यात खरकटी भांडी रात्रभर ठेवतात काय?" मी काही बोलले नाही. ते गेल्यावर तापातच भांडी घासली आणि घासताना रडले. खरकटी भांडी ठेवल्यानं भिंतीचं काय बिघडतं, हा प्रश्न मला तेव्हा सुचलाच नाही. सुचला असता तरी विचारलं नसतं, कारण कराराचे अकरा महिने संपायला दोनच महिने राहिले होते.

त्या 'तुमच्यात'बद्दलही एकदा लिहायलाच हवं. घर शोधताना आडनाव विचारतात, मग गाव विचारतात, मग म्हणतात, "आमच्याकडे स्वच्छता लागते बरं का." मटण-मासे करता काय हे काहीजण सरळ विचारतात, त्यांचं मला इतकं वाईट वाटत नाही. स्वच्छतेच्या नावाखाली जे विचारतात त्यांचं वाटतं. एका घराला आम्ही आगाऊ रक्कम द्यायला गेलो, तर आडनाव ऐकून घर अचानक त्यांच्या पुतण्यासाठी राखलेलं निघालं. पुढचे तीन महिने त्या घराच्या दारावर 'भाड्याने देणे आहे' ही पाटी होती. माझ्या आईच्या घरात शेणानं सारवलेल्या जमिनीवर पडलेला भाताचा दाणा आम्ही उचलून खायचो. कोणी कोणाला स्वच्छता शिकवावी?

खिळ्याचं दुःख सगळ्या भाडेकरूंना ठाऊक असेल. भिंतीला खिळा मारायचा नाही. त्यामुळे आमचं कॅलेंडर चौदा वर्षं खिडकीच्या गजाला लटकतं. सासऱ्यांचा फोटो फ्रीजवर टेकवलेला असतो. दसऱ्याला हार घालताना तो पडतो, म्हणून मी त्याच्यामागे तांदळाचा डबा लावते. मुलीला शाळेत चित्रासाठी बक्षीस मिळालं, तेव्हा तिनं विचारलं, "हे कुठं लावायचं?" आम्ही ते कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. दार उघडलं की दिसतं.

पिवळ्या भिंतीची गोष्ट मात्र फक्त सांगलीतच घडू शकते. हे मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहितात. हंगामात तिथल्या हवेतच हळद असते. माणूस नुसता दिवसभर खुर्चीवर बसला तरी संध्याकाळी पिवळा होऊन घरी येतो. सदरा, चपला, पिशवी, नोटा, सगळ्याला हळद. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा दुकानात पेढे वाटले होते आणि यांनी त्यातला एक कागदात बांधून घरी आणला होता. कागदही पिवळाच. तर विश्रामबागच्या घरात दाराशेजारच्या खुंट्यांपाशी आणि बटणांच्या पाटीभोवती भिंत हळूहळू पिवळसर झाली. मी ओल्या फडक्यानं पुसायचे. पुसलं की डाग आणखी पसरायचा. घर सोडताना तीस हजारांच्या अनामतीतून बावीसच परत आले. रंगकामाचे आठ हजार कापले. मालक म्हणाले, "भिंत घाण केलीत." कामावरून येऊन माणूस सदरा काढून खुंटीला अडकवतो, यात घाण काय आहे ते मला अजून कळलेलं नाही.

त्या आठ हजारांनी मला कायदा वाचायला लावला. माझा मामेभाऊ कोर्टाजवळ एका वकिलांकडे लिहिण्याचं काम करतो. त्याच्याकडून मागून घेतला आणि त्याच्या मदतीनं रात्री मशीन बंद केल्यावर थोडा थोडा वाचला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चा आहे आणि ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या २८व्या कलमात घरमालकाला घर बघायचा हक्क दिलेला आहे. तो नाही असं मी कधीच म्हणणार नाही. पण त्याच वाक्यात दोन अटी आहेत. वाजवी वेळी यायचं आणि आधी सूचना द्यायची. लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे आमच्यासारख्या अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्यांनाही हे लागू आहे. त्याहून जुना, १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा आहे. भाडेकरूनं घर मिळालं तशा स्थितीत परत द्यावं असं त्यात म्हटलंय, पण दोन गोष्टी वगळून. एक, वापरानं होणारी वाजवी झीज. दुसरी, जिच्यापुढे माणसाचं काही चालत नाही अशी शक्ती. मी दुसरीचा अर्थ 'आवरता न येणारी' असा लावला. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी कोणीतरी लिहून ठेवलं होतं की माणूस घरात राहिला की घर झिजणारच. ते वाचून मला एकदम हलकं वाटलं. आमच्या भिंतीचा पिवळा रंग त्या झिजेत बसतो असं मला मनापासून वाटतं.

१९९९ च्या कायद्यात आणखी एक गोष्ट होती, जी आधी ठाऊक असती तर त्या घराची एक भिंत वाचली असती. घर दुरुस्त ठेवणं हे मालकाचं काम आहे. किमान पंधरा दिवसांची लेखी सूचना देऊनही त्यांनी वाजवी वेळेत केलं नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत. आमच्या न्हाणीघरातला पाइप भिंतीच्या आतून झिरपत होता. मला तो दिसला होता. पण सांगितलं तर 'तुम्हीच काहीतरी केलं असणार' असं ऐकावं लागेल, या भीतीनं मी खाली बादली ठेवली आणि मालक येणार असले की बादलीवर ओले कपडे टाकायचे. आठ-नऊ महिन्यांत पलीकडच्या खोलीत ओल आली, रंगाचे पोपडे सुटले, भिंतीला लोणा लागला. ही चूक माझी होती आणि मी ती कबूल करते. पण ती कशातून झाली तेही सांगते. घर बघणं म्हणजे परीक्षा झाली की राहणारा माणूस चुका लपवायला शिकतो. दर महिन्याला शेगडीखाली बघणाऱ्या मालकांना ती ओल वर्षभर दिसली नाही.

माझी नणंद मेलबर्नला असते. आम्हाला वाटायचं, तिकडे कोण येतंय कुणाच्या घरात. ती म्हणाली, "वहिनी, इथं तर फोटो काढून नेतात." त्यांच्या व्हिक्टोरिया राज्यात नियमच आहे. राहायला आल्यावर पहिले तीन महिने कोणी तपासणीला येऊ शकत नाही, नंतर सहा महिन्यांतून एकदाच, आणि सात दिवस आधी लेखी कळवून. घर वाजवी स्वच्छ असावं एवढीच कायद्याची अपेक्षा. लहान मुलाची खेळणी जमिनीवर असली म्हणून कोणी काही म्हणू शकत नाही. तरी ती दोन दिवस आधीपासून ओव्हन घासत बसते आणि तपासणीच्या सकाळी पोराची सगळी खेळणी गाडीच्या डिकीत भरते. मी विचारलं, "अगं, नियम तुझ्या बाजूनं असताना कशाला?" ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "घर त्यांचं आहे ना."

मला वाटतं, सगळं या वाक्यात अडकलेलं आहे. घर त्यांचं आहे. खरंच आहे. पण घर हा शब्द आपण दोन गोष्टींसाठी वापरतो. विटा, नळ, फरशी, छत हे त्यांचं. त्यात मांडलेला संसार आमचा, आणि संसार मांडला की त्याला पसारा येतो. आई तर दोन्हीला एकच शब्द वापरायची. "माझा हा एवढा पसारा टाकून मी कुठं येऊ?" म्हणजे चूल, शेरडं, आम्ही भावंडं, सगळं. घाण वेगळी. उष्टं कुजत ठेवणं, मोरी तुंबवणं, ढेकूण-झुरळं वाढू देणं ही घाण, आणि त्याबद्दल मालकानं जरूर बोलावं, शेजाऱ्यांनीही बोलावं. पण उद्या द्यायच्या तीस पिशव्या, दोरीवरचे कपडे, अर्धवट सोललेल्या लसणाची सुपली, पालथं पडलेलं पुस्तक यांची लाज वाटावी असं त्यात काही नाही. मी बरीच वर्षं ही लाज बाळगली आणि ती मुलीला शिकवली, याचं मला वाईट वाटतं. तिच्या मैत्रिणी अचानक घरी आल्या तरी ती आधी दिवाणाचा कप्पा उघडते.

२०२१ च्या जानेवारीत आम्ही जुन्या सांगलीतल्या गावभागात आलो. जुनं घर, वर मालकीणबाई, म्हणजे काकू, एकट्या, खाली आम्ही. पुराच्या पट्ट्यातलं म्हणून भाडं कमी. ताबा घेताना मी यांना काकूंशेजारी उभं केलं आणि प्रत्येक भिंतीचा, नळाचा, फरशीच्या तड्यांचा फोटो काढून काकूंच्याच मोबाइलवर पाठवला. त्यांना ते जरा लागलं असावं. पण आठ हजार माझ्या डोक्यातून गेले नव्हते.

काकू दर पंधरा दिवसांनी यायच्या. फोन नाही, काही नाही, जिन्यावरूनच हाक. "काय करायलीस गं? येऊ काय?" आणि येतानाच आत. ओट्याकडे त्यांचं लक्ष नसायचं, मोरीकडे नसायचं. सरळ मधल्या खोलीतल्या फडताळापाशी जायच्या. भिंतीतलं जुनं सागवानी फडताळ, त्यात मी कापडांचे गठ्ठे ठेवलेले. काकू दार उघडायच्या, मला न विचारता दोन-चार गठ्ठे काढून माझ्या हातात द्यायच्या आणि आत पार खांद्यापर्यंत हात घालायच्या. मग काही न बोलता दार लावून वर. शेगडी उचलणारे मालक परवडले असं मला वाटायचं. कपाटाच्या आत तर नवरासुद्धा न विचारता हात घालत नाही. एकदा मी यांना म्हटलं, "पुढच्या वेळी मी सांगणार आहे त्यांना, २८वं कलम." हे म्हणाले, "पावसाळा जाऊ दे."

जुलै आला. सांगलीत पाऊस लागला की माणसं एकमेकांना जेवलात का विचारत नाहीत, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी किती ते विचारतात. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. कोयना धरणातून किती सोडलं, आलमट्टी धरणातून किती चाललंय, लहान पोरंही सांगतात. बावीस तारखेला रात्री पाणी चढायला लागलं, तेव्हा आम्ही सामान हलवायला ट्रॉली शोधत होतो आणि मिळत नव्हती. साडेअकराला जिन्यावरून काकूंची हाक आली. "अगं, बसलीस काय? दे की वर एकेक." सत्तरीच्या काकू पदर खोचून जिन्याच्या मधल्या पायरीवर उभ्या राहिल्या. खालून यांनी द्यायचं, मधे काकूंनी घ्यायचं, वर मी ठेवायचं. दोन्ही मशीनं, धान्याचे डबे, गादी, दप्तर, सासऱ्यांचा फोटो. सगळ्यात शेवटी फडताळ रिकामं केलं, तेव्हा बॅटरीच्या उजेडात मला फडताळाची मागची भिंत पहिल्यांदा पुरती दिसली. तेवढीच भिंत रंगवलेली नव्हती. माझ्या खांद्याच्या उंचीवर एक आडवी करडी रेघ होती.

"एकोणीसची," काकू म्हणाल्या. "सगळ्या घराला रंग दिला, ही ठेवली. दर पंधरवड्याला हात लावून बघते, ओल येतीय काय. इथं आली म्हणजे पायातनं आली."

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. काकूंचे यजमान त्याच वर्षी उन्हाळ्यात गेले होते. गाळ त्यांनी एकट्यांनी काढला. शेजारची दोन पोरं मदतीला होती, पण फडताळ मात्र आपणच हातानं पुसलं, म्हणाल्या. त्यात यजमानांच्या वह्या असायच्या.

पाच दिवस आम्ही वर होतो. काकूंची बाहेरची खोली म्हणजे सोफ्यावर पांढरी खोळ, टीपॉयवर विणलेला रुमाल, शोकेसच्या काचेला बोट उमटलेलं दिसणार नाही अशी. त्या खोलीत माझे गठ्ठे, पोती, डबे, मुलीच्या वह्या, दोरीला आमचे तिघांचे कपडे, काकूंच्या नऊवारीशेजारी. मी सारखी आवरायला जायचे. काकू म्हणायच्या, "असू दे की. कुणाला दाखवायचंय?" तिसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाचा पुण्याहून व्हिडिओ कॉल आला. "आई, मागं काय आहे एवढं?" काकूंनी मोबाइल उचलला आणि खिडकीकडे वळवला. "पाणी बघ," म्हणाल्या. "उतरायलंय."

पाणी उतरलं. या वेळी ते ५० फुटांच्या पुढे जाऊन थांबलं होतं, एकोणीसपेक्षा कमी. गाळ काढला, फरश्या घासल्या, दारं फुगली होती ती वाळेपर्यंत उघडी ठेवली. काकूंनी भाड्याचा विषय दोन महिने काढला नाही, आणि मी त्यांना कलम सांगितलं नाही.

गणपती झाल्यावर एका दुपारी जिन्यावरून हाक आली. या वेळी त्या उंबऱ्यापाशी थांबल्या. "कामात हाईस काय? नंतर येऊ?" मी म्हटलं, "या की." खोलीभर पिशव्या होत्या. मी त्यातली एकही हलवली नाही. एकच खुर्ची होती, तिच्यावर अस्तराचा गठ्ठा. तो उचलून कुठं ठेवावा म्हणून मी इकडंतिकडं बघितलं, जागा नव्हती. काकूंनी तो माझ्या हातातून घेतला, खुर्चीवर बसल्या आणि गठ्ठा मांडीवर ठेवला. मी फडताळ उघडलं, आतले कपडे बाजूला केले आणि स्वतःच भिंतीला हात लावून बघितला. जुन्या रेघेच्या दीड हात खाली नवी रेघ होती.

"गार लागतीय?" काकूंनी विचारलं.

"थोडी," मी म्हटलं. "खालच्या अंगाला."

"उद्या गवंड्याला बोलावते," त्या म्हणाल्या आणि गठ्ठ्यातलं एक अस्तर उलगडून उजेडात धरून बघायला लागल्या.